हिवाळ्यात बोलेरो, थार, जिप्सीला टायर किती रुंद घ्यायचा? विदर्भातल्या पांदण अन् वावराच्या हिशोबानं वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीनंतर कापसाचे दोन पैसे हातात आले की गाडीचे टायर बदलायचा विषय निघतो, अन् पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच असतो, या वेळी जरा रुंद टाकू का. खालची उत्तरं आपल्या इकडच्या मातीच्या हिशोबानं लिहिली आहेत, कारण नेटवर जे सापडतं ते बहुतेक बर्फाबद्दल नाहीतर वाळवंटाबद्दल असतं अन् आपली गाडी फसते ती काळ्या मातीत.

प्रश्न: हिवाळ्यात पाऊसच नसतो, मग टायरचा एवढा विचार कशाला करायचा?

पाऊस नसतो पण पाणी असतं ना भाऊ. गहू-हरभऱ्याचं ओलीत सुरू असतं, थ्री फेजची लाईन बऱ्याच ठिकाणी रातचीच मिळते, माणूस अंधारात पाणी फिरवते अन् कुठंतरी दांड फुटून पाणी पांदणीवर येते, सकाळी तुम्ही गाडी घेऊन जाता तेव्हा वरून रस्ता कोरडा दिसते अन् मधातच वीस-पंचवीस फूट लोण्यासारखा चिखल. पावसाळ्यात आपण सावध असतो, रस्ता पाहून गाडी घालतो, हिवाळ्यात तसं होत नाही म्हणून फसायची वेळ जास्त येते. त्यात दहिवरानं गवत अन् माती सकाळी ओली असते ते वेगळं, अन् जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी नाहीतर गारपीट झाली तर मग विचारूच नका.

आणखी एक, थंडीत सकाळी टायरमधली हवा कमी दाखवते. त्याचं पुढे सांगतो.

प्रश्न: रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हे तर बरोबर आहे ना?

पूर्ण बरोबर नाही, अन् हाच गैरसमज सगळ्यात महागात पडते. टायरचा जेवढा भाग जमिनीला टेकतो त्याचं क्षेत्रफळ मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते, चाकावर वजन किती अन् आत हवा किती. समजा एका चाकावर ४५० किलो वजन आहे अन् हवा ३० पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो, तर जमिनीवर टेकलेला भाग साधारण २१५ चौरस सेंटिमीटरचा भरेल. टायर अरुंद असो की रुंद, हवा तेवढीच ठेवली तर हा आकडा फारसा बदलत नाही. बदलतो तो आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट पडतो, रुंद टायरचा आखूड अन् आडवा.

आता चिखलातून पुढे जाताना चाकासमोरची माती बाजूला सारावी लागते, अन् जेवढा टायर रुंद तेवढी जास्त माती समोर उभी राहते. म्हणून नुसती रुंदी वाढवली अन् हवा तीच ठेवली तर गाडीला ओढ जास्त लागते अन् फायदा काहीच होत नाही. रुंद टायरचा खरा फायदा तेव्हाच होतो जेव्हा तुम्ही हवा कमी करता, कारण त्याच्यात हवेची जागा जास्त असते त्यामुळे कमी प्रेशरवर तो वजन पेलतो. हवा कमी करायची सवयच नसेल तर रुंद टायरचे पैसे वाचवा.

प्रश्न: चिखलात अरुंद टायर चांगला, तो खाली कडक जमिनीपर्यंत जातो असं म्हणतात. खरं काय?

खरं आहे, पण खाली कडक जमीन असली तर! ही अर्धी गोष्ट नेहमी राहून जाते. अरुंद टायर चिखल कापून खाली उतरतो अन् खालच्या मुरमावर नाहीतर गिट्टीवर पकड धरतो. यवतमाळ, वाशिम, वर्ध्याकडच्या बऱ्याच बरड, उथळ वावरांत वीतभर खाली मुरूम लागते, तिथं अरुंद टायर खरंच कामाचा, जुन्या जीपला ६.०० - १६ चे बारीक टायर असायचे अन् त्या जीपा अशा रस्त्यानं आरामात निघायच्या ते त्याच्यामुळंच.

पण आता दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव हा पूर्णेचा पट्टा घ्या. इथं काळी माती कितीतरी फूट खोल आहे, खाली मुरूम लवकर लागतच नाही. या मातीत जी चिकणमाती आहे ती पाणी पिऊन फुगते अन् वाळली की भेगा पडतात, सगळ्यांना माहीत आहे. अशा जमिनीत अरुंद टायर खाली जातो, अन् जातो, अन् जातच राहतो, गाडीचा डिफरन्शियल (एक्सलच्या मधातला गोळा) जमिनीला टेकेपर्यंत. मग ट्रॅक्टर बोलावल्याशिवाय इलाज नाही. तिथं कंपनीपेक्षा एक पायरी रुंद टायर अन् कमी हवा हे जास्त बरं, म्हणजे गाडी वरच्या वर तरंगत जाते. ते पण एका हद्दीपर्यंत, कारण पूर्ण भिजलेल्या खोल काळीत कोणताच टायर चालत नाही.

वावरात बैलं घालायची तर आपण वापसा येईपर्यंत थांबतो. गाडीलाही तोच नियम लावा. वापसा आला नसेल तर गाडी धुऱ्यावरच, म्हणजे बांधावरच ठेवा अन् पायी जा, दहा हजाराचा टायर घालूनही निसर्गापुढं काही चालत नाही, अन् वावरात पडलेल्या खोल चाकोऱ्या पुढच्या वखरणीपर्यंत त्रास देतात.

प्रश्न: आपल्याकडची माती खोल आहे की उथळ, हे कसं समजावं?

बांधावरच्या विहिरीचा काठ नाहीतर नाल्याची दरड पाहा, काळा थर कुठं संपला अन् पिवळा-तांबडा मुरूम कुठं सुरू झाला ते सरळ दिसते. ते नसेल तर पांदणीवर ओल असताना सब्बल दाबून पाहा. फूटभराच्या आत ठणकन लागली तर कंपनीच्या रुंदीचा नाहीतर थोडा अरुंद टायर, अन् दोन फूट सहज गेली तर समजून घ्या की अरुंद टायरचा उपयोग नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर सब्बलही लागत नाही, कोणत्या ठिकाणी गाडे फसायचे ते त्याला पाठ असते.

प्रश्न: भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे पण हेच लागू होते का?

तिकडं थोडं वेगळं आहे. कन्हार म्हणजे भारी काळी, ती आपल्या कपाशीच्या जमिनीसारखीच वागते, पण मोरांड, सिहार, खरडी या हलक्या होत जातात. धानाच्या बांधीत वर्षानुवर्षं चिखलणी झाल्यामुळं वरच्या मऊ चिखलाच्या खाली एक दडस थर तयार झालेला असतो. म्हणजे बांधीत अरुंद टायरला खाली टेकायला जागा आहे. धान कापून झाल्यावर कोरड्या बांधीत कोणताही टायर चालते, फक्त पाऱ्यांवरून (बांधांवरून) उतरताना टायरची उंची कामी येते, रुंदी नाही. उन्हाळी धानाचं पाणी जानेवारीत सुरू झालं की मात्र पाहून.

वैनगंगेच्या किंवा वर्धेच्या पात्रातून वाट असेल, हिवाळ्यात पाणी उतरलं की लोक जातात, तर वाळूत नियम उलटा. तिथं रुंद अन् हवा कमी. वाळूत खाली कडक काही नाही, चाक खणलं की संपलं. एक्सिलरेटर दाबू नका, हवा काढा.

प्रश्न: मेळघाटात, चिखलदऱ्याकडे दगड जास्त आहेत, तिथं काय?

तिथं रुंदीचा विषयच बाजूला ठेवा अन् साईडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, मजबूत पाहा. काळ्या दगडाच्या कडा चाकूसारख्या टायर कापतात, अन् रुंद टायर जेवढा बाहेर येईल तेवढा दगडात घासण्याची शक्यता जास्त. साईडवॉल उंच असली, म्हणजे ७५ नाहीतर ८० प्रोफाईल (रुंदीच्या ७५-८० टक्के उंची), तर दगडावर टायर दबतो अन् रिमला मार लागत नाही. मोठ्या रिमचे पातळ टायर शहरात छान दिसतात, सेमाडोह-हरिसालच्या आतल्या रस्त्यावर नको.

प्रश्न: टायरवरचे आकडे कसे वाचायचे? माझ्या गाडीला कंपनीचा कोणता असतो?

बोलेरोचा घ्या, २१५/७५ आर १५. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे साईडवॉलची उंची रुंदीच्या ७५ टक्के, अन् १५ म्हणजे रिम पंधरा इंची. हिशोब केला तर पूर्ण चाकाची उंची साधारण ७०३ मिलिमीटर येते.

जिप्सी किंगला २०५/७० आर १५, जिम्नीला १९५/८० आर १५, जुन्या थार सीआरडीईला २३५/७० आर १६, २०२० नंतरच्या थारला मॉडेलप्रमाणे २४५/७५ आर १६ नाहीतर २५५/६५ आर १८, स्कॉर्पिओ क्लासिकला २३५/६५ आर १७. तरी दुकानात जायच्या आधी ड्रायव्हरच्या दाराजवळचं स्टिकर पाहून घ्या, कारण सेकंडहँड गाडीवर आधीच्या मालकानं काय चढवलं असेल सांगता येत नाही.

जिम्नी अन् जिप्सीकडं जरा लक्ष द्या. हे टायर तसे बारीकच आहेत अन् गाड्या हलक्या आहेत, ताडोबा-पेंचमध्ये सफारीच्या जिप्सी वर्षानुवर्षं चालल्या, कुठं अडलं त्यांचं? गाडी हलकी असली की कमी रुंदीतच काम भागते.

प्रश्न: बोलेरोला २३५ टाकू का? दुकानदार म्हणतो आरामात बसते.

बसते हे खरं पण कोणता २३५ ते विचारा. २३५/७५ आर १५ घेतला तर चाक साधारण ३० मिलिमीटरनं उंच होते, म्हणजे गाडी खालून १५ मिलिमीटर वर उठते अन् स्पीडोमीटर ६० दाखवत असेल तेव्हा गाडी खरी साडेबासष्टच्या आसपास असते. इंजिनला ओढायला थोडं जड जाते, मायलेज उतरते, अन् स्टेअरिंग पूर्ण वळवून एखाद्या खड्ड्यात चाक वर दबलं की आत मडगार्डला घासू शकते. २३५/७० आर १५ घेतला तर उंची जवळपास कंपनीएवढीच राहते, फक्त रुंदी वाढते.

रिमची रुंदीही पाहा. २३५/७५ आर १५ साठी रिम निदान ६ इंच रुंद लागते. ३१ × १०.५ आर १५ हा जो मोठा टायर लोकांना आवडतो तो २६७ मिलिमीटर रुंद असतो अन् त्याला निदान ७ इंची रिम पाहिजे, अरुंद रिमवर चढवला तर मधातला भाग फुगतो, कडेचं रबर टेकतच नाही अन् हवा कमी केल्यावर टायर रिमवरून निघायची भीती.

माझं मत विचाराल तर खोल काळीतल्या माणसानं एक पायरी, म्हणजे १० ते २० मिलिमीटर वाढवायला हरकत नाही, बाकीच्यांनी कंपनीची रुंदी ठेवावी अन् तो पैसा चांगल्या नक्षीच्या टायरवर लावावा.

प्रश्न: मग रुंदीपेक्षा नक्षी महत्त्वाची का?

काळ्या मातीत तर नक्कीच. एचटी म्हणजे रस्त्याचा टायर, त्याच्या खाचा बारीक, दोन फेऱ्यात काळी माती भरते अन् टायर गुळगुळीत होऊन जातो, मग तो १९५ असो की २६५, चाक जागेवरच फिरते. एटी म्हणजे ऑल टेरेन, त्याच्या खाचा मोठ्या, अन् एमटी म्हणजे मड टेरेन, त्याच्या सगळ्यात मोठ्या, चाक फिरताना माती बाहेर फेकतात. आपल्याकडं हिवाळ्यात निम्मं चालणं डांबरी अन् सिमेंटच्या रस्त्यावर असते म्हणून एटी पुरते. एमटी आवाज करते, डांबरीवर लवकर घासते, ओल्या डांबरीवर ब्रेकही तेवढा चांगला लागत नाही. ज्याची गाडी रोज वावरातच आहे त्यानं घ्यावा.

रुंद पण गुळगुळीत टायरपेक्षा अरुंद पण मोठ्या खाचांचा टायर केव्हाही बरा. कायद्यानं खाच निदान १.६ मिलिमीटर पाहिजे, पण चिखलासाठी तेवढ्यावर जाऊ नका, निम्मी नक्षी गेली की चिखलातलं काम गेलंच समजा.

प्रश्न: हवा किती ठेवायची? थंडीत जास्त भरायची का?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात अन् माझ्या मते हा सगळ्यात आधी पाहिजे.

तापमान दर १० अंशानं उतरलं की टायरमधली हवा साधारण २ पीएसआयनं कमी होते. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत सकाळी १० अंश अन् दुपारी २९ असं सहज होते, म्हणजे त्याच टायरमध्ये सकाळ-दुपारचा साडेतीन पीएसआयचा फरक. डिसेंबर २०१८ मध्ये तर नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. म्हणून हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी, टायर थंड असतानाच मोजायची अन् स्टिकरवरचा आकडा तेव्हाच मिळवायचा. दुपारी पंपावर भरली अन् सकाळी कमी निघाली म्हणून पंक्चरवाल्याला दोष देऊ नका.

चिखलात घुसायच्या आधी हवा २० ते २२ पीएसआयवर आणा, वाळूत १५ ते १८. १५ च्या खाली साध्या रिमवर जाऊ नका. हवा कमी असताना ३०-४० च्या वर गाडी पळवायची नाही अन् झटक्यानं वळवायची नाही. डांबरीवर चढायच्या आधी परत भरायची, त्यासाठी गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर अन् एक गेज डिक्कीत असूच द्या, एका टायरच्या पैशापेक्षा कितीतरी स्वस्तात येते. मागं कापसाचे बोंद्रे नाहीतर संत्र्याचे क्रेट भरले असतील तर मात्र हवा कमी करू नका, टायर गरम होऊन फाटते.

प्रश्न: ट्रॅक्टरचा टायर रुंद असतो म्हणूनच तो चिखलातून निघतो ना? मग गाडीला रुंद का नको?

ट्रॅक्टर निघतो तो चाकाच्या उंचीमुळं, टायरच्या उंच फाळ्यांमुळं, मागच्या एक्सलवरच्या वजनामुळं (बरेच जण टायरमध्ये पाणीही भरतात) अन् हळू गिअरमुळं. अन् त्याच ट्रॅक्टरचे पुढचे टायर पाहा, कितीतरी टू व्हील ड्राईव्ह ट्रॅक्टरला पुढं ६.०० - १६ चाच बारीक टायर आहे. उंच चाकाचा ठसा लांब पडतो अन् ते चिखलावर चढून जाते. म्हणून दोन्हीपैकी एक वाढवायचं असेल अन् गाडीत जागा असेल तर थोडी उंची वाढवा, नुसती रुंदी नको.

पांदणीवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या असतात त्याचाही विचार करा. अरुंद टायर चाकोरीत नीट बसून चालते. जास्त रुंद टायर चाकोरीच्या काठावर चढते-उतरते, स्टेअरिंग हातातून ओढल्या जाते.

प्रश्न: पऱ्हाटीच्या अन् तुरीच्या धसकटानं टायर फाटते, रुंद घेतला तर वाचेल का?

उलट जास्त फाटेल. विळ्यानं तिरपी कापलेली तुरीची धसकटं भाल्यासारखी उभी राहतात अन् रुंद टायरखाली जास्त येतात, त्यात हवा कमी केली असेल तर साईडवॉल फुगून बाहेर आलेली असते, तिथंच घुसतात. साईडवॉलचं पंक्चर नीट निघत नाही, टायर बदलावाच लागते. सोंगणी झालेल्या वावरात गाडी घालायचीच असेल तर तासाच्या मधून, ओळीला समांतर घाला, आडवी नको, अन् अशा वावरात हवा पूर्ण ठेवा. बाभळीच्या काट्याचं वेगळं, ते जमिनीला टेकणाऱ्या भागातूनच घुसतात, ट्यूबलेसमध्ये हवा हळूहळू जाते, किट जवळ असली की तिथंच काम होते.

प्रश्न: पैसे कमी आहेत, दोनच रुंद टायर टाकले तर?

साईझ बदलायची असेल तर चारही, अन् स्टेपनीपण. फोर बाय फोर गाडीत पुढं-मागं चाकाची उंची वेगळी झाली अन् तुम्ही फोर व्हील टाकलं की ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) ताण येतो अन् तो खर्च टायरच्या कितीतरी पट. कंपनीच्याच साईझचे दोन नवे घेत असाल तर टू व्हील बोलेरोत मागं टाका, ओढते मागचंच चाक.

प्रश्न: आरटीओ, इन्शुरन्सचा काही त्रास?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्यावर बंधनं आहेत. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जो साईझ देते तो घेणं सगळ्यात सुरक्षित. मडगार्डच्या बाहेर निघणारा टायर घेऊ नका, चिखल-गिट्टी मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर उडते. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलते तो आकडा, कंपनीपेक्षा कमी नको, उदाहरणार्थ १०० लिहिलं असेल तर तो टायर ८०० किलो पेलते.

प्रश्न: हिवाळ्यात इथूनच मनाली-स्पितीला गाडी घेऊन जायचं आहे, हेच टायर चालतील?

तिथं गोष्ट वेगळी. ७ अंशांच्या खाली साधं रबर कडक होत जाते, म्हणून बर्फाच्या देशात वेगळे विंटर टायर असतात, त्यावर तीन शिखरांचा डोंगर अन् आत हिमकण अशी खूण असते. नुसतं एम प्लस एस लिहिलेलं असणं म्हणजे विंटर टायर नाही. रस्त्यावर पातळ ताजा बर्फ असेल तर अरुंद टायर चांगला, तो बर्फ कापून खालच्या रस्त्याला टेकतो, अन् अरुंद असला तर साखळी (बर्फात चाकाभोवती लावतात ती) चढवायला मडगार्डात जागाही राहते. आइसलँडमध्ये खोल बर्फावर ३८-४४ इंची टायर अगदी कमी हवेवर चालवतात ते तरंगण्यासाठी, आपल्या खोल काळीचाच नियम तो. पण गोठलेल्या कडक बर्फावर रुंदी काही कामाची नाही, साखळीच लागते, अन् साखळी घरी असतानाच एकदा चढवून शिकून घ्या, तिथं थंडीत बोटं चालत नाहीत.

प्रश्न: जुने रुंद टायर स्वस्तात मिळत आहेत, हिवाळ्यापुरते घेऊ का?

आधी साईडवॉलवरची चार आकड्यांची तारीख पाहा. ३८२१ असेल तर २०२१ च्या अडतिसाव्या आठवड्यात बनलेला. आपल्याकडं उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर लवकर वाळते, बारीक भेगा साईडवॉलवर अन् खाचांच्या बुडाशी दिसतात. भेगा असतील तर नक्षी कितीही चांगली दिसो, घेऊ नका, असा टायर हवा कमी केल्यावर भेगेतूनच फाटते. पाच-सहा वर्षांच्या वरचा असेल तर बैलबंडीवाल्याला द्या, त्याच्या वेगाला तो आणखी दोन हंगाम चालेल.